गोळा कोरडा पाहिजे

शादली घोरबेल सोमवारी सकाळी कुणाशी बोलायचा नाही. इतर दिवशी तो फार बोलका होता अशातला भाग नाही, पण सोमवारी दुकानाचं शटर अर्धंच वर करून तो वाकून आत शिरायचा, आणि बाहेरून कुणी कितीही हाका मारल्या तरी आतून फक्त खोकायचा. सफाक्स शहराच्या बाब दिवान वेशीजवळच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की शादली गोळा पुसतोय. पासपोर्टचा फोटो हवा असेल तर कॉफी पिऊन या.

गोळा म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरचा बॉल हेड. खाली तीन पाय, वर कॅमेरा, आणि दोघांच्या मध्ये वाटीत बसवलेला लिंबाएवढा पितळी गोळा. बाजूची मूठ सैल केली की कॅमेरा हवा तिकडे वळतो, मूठ आवळली की तिथंच थांबतो. निदान थांबायला पाहिजे. हा गोळा शादलीच्या वडिलांनी, सी तिजानींनी, सफाक्स सोडून निघालेल्या एका इटालियन फोटोग्राफरकडून घेतला होता. इटालियन गेला, फिल्म गेली, सी तिजानीही गेले. गोळा राहिला. पुढं बाजारात नवे, काळे, हलके, तीन-तीन मुठींचे गोळे आले. शादलीने ते हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवले. त्यातला एक बरा होता, हे त्याने नंतर कबूल केलं.

पुसण्याची पद्धत वडिलांचीच होती आणि तिच्यात शादलीने काडीचा बदल केला नव्हता. टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं. मूठ काढायची, वाटी उघडायची, गोळा बाहेर घ्यायचा. मग युडीकोलनची बाटली. युडीकोलन कापडावर ओतायचं, गोळ्यावर थेट कधीच नाही. गोळा पुसायचा, वाटी आतून पुसायची, मग कोरड्या सुती कापडाने दोन्ही इतकं घासायचं की बोट फिरवलं तर करकरलं पाहिजे. मुठीच्या आट्यांना मुंगीच्या डोक्याएवढं ग्रीस, बाकी कुठं काही नाही. शेवटी सगळं जोडून वर सगळ्यात जड कॅमेरा चढवायचा, आडवा झुकवायचा, आणि समोर बसून त्याच्याकडे बघत एक कॉफी प्यायची. कॉफी संपेपर्यंत कॅमेऱ्याने मान खाली घातली नाही, की आठवडा सुरू.

सी तिजानी हे सगळं एक अक्षर न बोलता करायचे. शादलीने विचारलं होतं एकदा, तरुणपणी, की दर आठवड्याला कशाला. ते म्हणाले होते, "गोळा कोरडा पाहिजे." एवढंच. शादलीला ते पुरलं.

पुढं शादली स्वतः उस्ताद झाला, हाताखालून शिकून गेलेल्यांनी आपापली दुकानं टाकली, आणि सफाक्समधले झाडून सगळे फोटोग्राफर सोमवारी युडीकोलनने गोळा पुसू लागले. का पुसतात हे कुणाला माहीत नव्हतं. सी तिजानी पुसायचे म्हणून शादली पुसायचा, शादली पुसायचा म्हणून बाकीचे. गल्लीच्या तोंडाशी अत्तरवाला होता, तो रविवारी संध्याकाळीच बाटल्या पुढं मांडून ठेवायचा.

"शादली, तू माझा संसार मोडणार," नजीब एकदा कॅफेत म्हणाला. नजीब लग्नांचे फोटो काढायचा आणि शादलीची थट्टा करण्याचा हक्क त्याने स्वतःच घेतला होता. "दर सोमवारी मी घमघमत घरी जातो. बायको म्हणते, कोण आहे ती?"

"तिला गोळा दाखव."

"दाखवला. म्हणाली, आजवर बरेच बहाणे ऐकले, पितळेचा पहिल्यांदाच बघतेय."

"पुसल्यावर हात धुवायचे."

"हात धुतले तर म्हणेल, पुरावा धुतला. तू मला एक सांग, त्या गोळ्यावर असतं काय रे एवढं पुसायला? माझं फडकं तर पांढरंच्या पांढरं राहतं."

"म्हणजे नीट पुसतोयस," शादली म्हणाला आणि कॉफी संपवून उठला.

खरं म्हणजे त्याचंही फडकं पांढरंच राहायचं. बरीच वर्षं राहत होतं. वडिलांच्या हाताखाली असताना ते पिवळट व्हायचं हे त्याला आठवत होतं, पण त्याचा अर्थ त्याने असा लावला होता की तेव्हा शहरात धूळ जास्त होती.

एकदा राजधानीतून एक पोरगेला फोटोग्राफर दुकानात आला. गोळा बघून खूश झाला. म्हणाला, "शादलीकाका, याला तेल कधी देता?"

जेवताना दाताखाली खडा यावा तसा शादलीचा चेहरा झाला.

"तेल?"

"म्हणजे, छान मऊ फिरतोय म्हणून म्हटलं."

"फिरतो कारण तो गोल आहे. थांबतो कारण तो कोरडा आहे. तुला कॅमेरा फिरवत बसायचाय की फोटो काढायचाय?"

आता, सफाक्समध्ये बसून तेलाविरुद्ध बोलायला छाती लागते. इथं माणसाची ऐपत त्याच्या ऑलिव्हच्या झाडांवरून काढतात. कान दुखला, तेल. बाळ जन्मलं, तेल. दार कुरकुरलं, शिलाई मशीन अडलं, सून रुसली, सगळ्याला तेल. सकाळी बार्लीच्या भाकरीबरोबर वाटीभर तेल पोटात गेलं नाही तर माणूस दिवसभर अशक्त समजला जातो. आणि या सगळ्या शास्त्रातलं शेवटचं न्यायालय म्हणजे शादलीची स्वतःची आई, लल्ला बेया.

नवरा गेल्यावर लल्ला बेयाने शहरातलं घर सोडलं आणि ती ग्रेमदा रस्त्यावर, सहाव्या किलोमीटरला, माहेरच्या बागेतल्या घरात जाऊन राहिली. बाग आता नावालाच. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मध्ये थोडी झाडं उरली होती. ती थोडी झाडं हिवाळ्यात झोडपायची, फळं तेलाच्या घाण्यावर न्यायची आणि तेल घरी आणायचं, यात तिचा जीव होता. ऐंशीला टेकली होती. जीभ अजून तिशीतली होती.

या बाईचा एकही फोटो नव्हता. म्हणजे एक होता, पण त्यात ती नव्हती.

तो तिच्या लग्नातला. नवरा-नवरीने मासा ओलांडायचा तिथला लग्नविधी झाल्यावर सी तिजानींनी नव्या नवरीला खुर्चीवर बसवून तो स्वतः काढला होता. फिल्मच्या जागी कॅमेऱ्यात घालायची काचेची एकच प्लेट उरली होती, म्हणून एकच फोटो. जरीचा पोशाख, गळ्यातल्या मोहरा, मांडीवर ठेवलेले मेंदीचे हात, सगळं लख्ख. वर गळा, त्याच्यावर हनुवटी, आणि हनुवटीवर कागद संपला होता. चेहरा नाही. सगळ्या घराने तो फोटो पाहिला. सी तिजानींची बहीण म्हणाली, "दादाने नेमकं बघण्यासारखं तेवढंच घेतलंय हो." बायका हसल्या. सी तिजानी काही बोलले नाहीत. नवरीने तो फोटो चादरींच्या खाली पेटीत टाकला, आणि त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर कधीच आली नाही. लग्नकार्यात फोटो निघायला लागले की ती फोटो काढणाऱ्याच्या मागं जाऊन उभी राहायची. सी तिजानींनी सुरुवातीला दोन-चार वेळा विचारलं. ती म्हणायची, "दागिने नणंदेकडे आहेत, तिचा काढा." मग त्यांनी विचारणं सोडलं.

शादलीला हे खुपायचं. अर्ध्या शहराच्या आया त्याने टिपल्या होत्या. कुणाकडे मयत झाली की माणसं एखादा जुना फोटो घेऊन मोठा करायला यायची, तेव्हा तो फोटो हातात घेऊन शादली गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसायचा. आपल्यावर ही वेळ आली तर आपण काय मोठं करणार? हनुवटी? या विचाराने त्याला रडू यायचं, आणि रडू आलं की तो गिऱ्हाइकावर खेकसायचा.

शेवटी हे कोडं सोडवलं त्याच्या मुलीने. उमैमाचं लग्न झालं होतं आणि महिनाअखेरीस ती नवऱ्याबरोबर कॅनडाला निघणार होती. निरोपाच्या फेऱ्या चालू होत्या. आजीकडे जेवताना ती म्हणाली, "आजी, मला तुझा फोटो हवाय."

"आहे की पेटीत. घेऊन जा."

"त्यात तू कुठायस?"

"मग कोण आहे?"

"त्यात पोशाख आहे. तिकडे मला पोरं होतील, ती विचारतील, आपली पणजी कशी होती. मी काय सांगू? ही बघा हनुवटी, बाकीचं तुम्ही भरून घ्या?"

शादलीने भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. या घरात असं कुणी बोललं नव्हतं. लल्ला बेयाने नातीकडे बघितलं, मग ताटाकडे बघितलं.

"सोमवारी या," ती म्हणाली. "सोमवारी कुसकुस आहे. ती वाफेवर असेतो बसेन. शिजली की उठणार. आणि तो झगझगाट नको, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला सोसत नाही."

घरी जाताना गाडी शादली चालवत होता. तो एक सिग्नल हिरवा असताना थांबला आणि लाल असताना निघाला.

फ्लॅश नाही म्हणजे खिडकीचा उजेड. हिवाळ्यातला खिडकीचा उजेड म्हणजे शटर सेकंदभर उघडं ठेवायचं. चेहऱ्याचा फोटो म्हणजे कॅमेरा उभा धरायचा, म्हणजे त्याचं सगळं वजन गोळ्याच्या एका अंगाला लोंबकळणार. थोडक्यात, सगळी भिस्त गोळ्यावर. शादलीने सोमवारचं काम रविवारी दुपारीच आईच्या घरी जाऊन उरकलं. खिडकीशी फडकं अंथरून गोळा इतका घासला की आत स्वयंपाकघरातून आई ओरडली, "कोण दात खातंय रे?" खुर्ची कुठं ठेवायची तिथं खडूने खूण केली. उजेड पाहिला. मग ट्रायपॉडची पिशवी खिडकीतच ठेवून तो घरी गेला, कारण सकाळी पुन्हा ओझं कशाला वाहायचं.

सोमवारी सकाळी बापलेक पोचले तेव्हा घरभर नव्या तेलाचा वास होता. आदल्या दिवशीच घाण्यावरून डबे आले होते, त्यामुळे त्या वासाचं शादलीला काही वाटलं नाही. लल्ला बेया तयार होऊन बसली होती. निळा पोशाख, डोक्याला पांढरा रुमाल, डोळ्यांत काजळ. काजळ! शादलीने आईला काजळ घातलेलं कधी बघितलं होतं हे त्याला आठवेना. तो पटकन वळून ट्रायपॉड उघडायला लागला.

"कुसकुस ठेवलीय," ती म्हणाली. "आवरा."

त्याने कॅमेरा चढवला, उभा केला, मूठ आवळली, काचेतून बघितलं. आईचा चेहरा बरोबर मधोमध. तो सरळ झाला, रिमोट हातात घेतला, पुन्हा काचेतून बघितलं. आता मधोमध आईचं पोट होतं.

त्याने कॅमेरा वर केला आणि मूठ जोर लावून आवळली. कॅमेरा थांबला. मग, पेंगणाऱ्या माणसाची मान जाते तसा, हळूहळू, अगदी सभ्यपणे, खाली आला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही."

तिसऱ्यांदा आवळताना त्याच्या हाताला कळ लागली. कॅमेरा खालीच आला. शादलीने मूठ सैल केली आणि गोळ्यावरून बोट फिरवलं. बोट करकरलं नाही. बोट चमकायला लागलं. त्याने ते नाकाशी नेलं. यंदाचं तेल उत्तम होतं.

"बाबा," उमैमा हळूच म्हणाली, "मी फोनवर काढू?"

शादलीने तिच्याकडे असं बघितलं की तिने फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेनसुद्धा लावली.

आईला काही सांगायचं नाही, एवढं त्याने ठरवलं. ती काजळ घालून बसलीय. तिला जर कळलं की आपल्यामुळे अडलं, तर ती उठेल आणि पुन्हा जन्मात बसणार नाही. "जरा पुसून घेतो, उम्मी. धूळ आहे," असं म्हणून त्याने गोळा खोलला, खिशातली बाटली काढली आणि कापडावर ओतली.

वास खोलीत पसरला आणि लल्ला बेया खुर्चीत ताठ झाली.

"हा वास," ती म्हणाली.

"युडीकोलन आहे."

"ते मला कळतंय. तुझ्या बाबांच्या हातांना यायचा. दर सोमवारी घरी आले की यायचा. मला वाटायचं, दुकानात फोटो काढायला बायका येतात, त्यांच्यासाठी नटून जातात." तिने रुमाल सारखा केला. "मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं त्यांनी."

"ते गोळा पुसायचे, उम्मी. हाच. याच्यानेच."

"काय असायचं त्याच्यावर पुसायला?"

हाच प्रश्न नजीबने विचारला होता तेव्हा शादलीकडे उत्तर होतं. आता त्याने हातातल्या फडक्याकडे बघितलं. फडकं पिवळं झालं होतं. वडिलांच्या वेळी व्हायचं तसं.

"तेल," तो म्हणाला. एकामागोमाग दुसरं खोटं त्याला जमत नसे.

"तेल तर मी घातलं. काल, तू गेल्यावर. पिशवी खिडकीत दिसली, म्हटलं नेहमीसारखं घालावं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे काय? तुझे बाबा रविवारी लग्नं आटोपून पिशवी घरी आणायचे, खिडकीत ठेवायचे. मी घरभर तेल घालत फिरायचे, कात्री, मशीन, दारं. त्यात हा गोळा पण. त्यांचं हत्यार आहे, म्हटलं त्याला पण मिळावं. दर रविवारी घातलंय. ते गेल्यावर मग कुणी पिशवी आणलीच नाही."

शादली खाली सतरंजीवर बसला. रविवारी आई तेलाची बाटली घेऊन घरभर फिरते हे त्याने लहानपणी रोजच्यासारखं बघितलं होतं आणि रोजच्यासारखं विसरला होता. म्हणजे बाबा दर सोमवारी आईचं तेल पुसत होते. आणि बाबा गेल्यापासून तो, शादली घोरबेल, उस्ताद, दर सोमवारी तासभर शटर अर्धं पाडून, नसलेलं तेल पुसत होता. आणि त्याच्यामागं सबंध शहर. त्याला नजीबचा चेहरा डोळ्यांसमोर आला. नजीबला हे कधीही कळू द्यायचं नाही, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार होता.

"तेलाने काय होतं त्याला?" आईने विचारलं. "बरं फिरत असेल की."

"फिरतो. थांबत नाही."

"म्हणजे?"

"वाकतो. पुढं."

"किती वाकतो?"

शादलीने हाताचा पंजा उभा धरला आणि थोडासा झुकवून दाखवला. "एवढा. म्हणजे समोरच्या माणसाचं डोकं जाईल इतका."

हे तो बोलून गेला, आणि मग काय बोललो ते त्याला कळलं. आतून कुसकुसच्या भांड्याची वाफ सूंसूं करत होती. उमैमाने तोंडावर हात ठेवला.

लल्ला बेया म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतेय, "आमच्याकडे पद्धत होती. नव्या सुनेने सासरच्या दारांच्या बिजागऱ्यांना माहेरचं तेल लावायचं. माझ्या आईने बाटली बांधून दिली होती. सगळी दारं झाली, थोडं उरलं. तुझ्या बाबांचं ते तिकाटणं कोपऱ्यात उभं होतं. त्याला पण बिजागरीसारखं काहीतरी होतं."

"कधी?"

"मासा ओलांडला त्या दिवशी. सकाळी."

काचेच्या प्लेटचा कॅमेरा होता तो. आधी बघायचं, मग प्लेट आत सरकवायची, आणि प्लेट सरकवली की काही दिसत नाही. प्लेट सरकवून होईतो कॅमेऱ्याने मान खाली घातली असणार.

"त्यांना वास आला असेल," आई म्हणाली. "लगेच आला असेल. त्यांचं नाक तुझ्यासारखंच होतं."

"मग बोलले का नाहीत?" उमैमाने विचारलं.

"काय बोलणार? नवी सून घरात आली आणि तिच्या माहेरच्या तेलाने पहिलंच काम नासलं? सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर मी मेल्यावरसुद्धा माझ्या कबरीशी येऊन ऐकवलं असतं त्यांनी मला. आणि ती नणंद! गप्प बसले ते माझ्यासाठी." मग एकदम तिचा आवाज चढला. "पण नंतर? सासूबाई गेल्या, नणंद गेली! तेव्हा सांगायला काय जीभ झडली होती? मी जन्मभर समजत होते की या माणसाने दागिने घेतले आणि तोंड सोडून दिलं! की याला माझं तोंड बघवलं नाही! आणि तुझा बाप तिकडे बसलाय दर सोमवारी गोळा पुसत! अरे, मला सांगायचं, बेये, तेल घालू नकोस! दोन शब्द!"

"तोपर्यंत सवय झाली असेल, उम्मी," शादली म्हणाला.

"कसली?"

"पुसायची."

लल्ला बेयाने त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि मग नुसतीच रडली. उमैमा जाऊन तिच्या पायाशी बसली. शादलीही रडत होता, पण त्याच्या हातात गोळा होता आणि गोळ्यावर पाणी पडलेलं चालत नाही, म्हणून तो मान बाजूला करून रडत होता. बाबांचा त्याला राग आला आणि त्यांची कीव आली. पिशवी कपाटात ठेवली असती तरी भागलं असतं. त्यांनी ती दर रविवारी खिडकीतच ठेवली, आई सहज हात घालील अशी.

"कुसकुस झाली असेल," उमैमा म्हणाली.

"होऊ दे," आजी म्हणाली. "खाली लागली तर लागली. शादली, तू ते जोड."

त्याने वाटी पुसली, गोळा पुसला, कोरडा केला, बोट फिरवलं. करकरला. जोडून कॅमेरा चढवला, मूठ आवळली आणि हात काढून घेतला. तिघंही कॅमेऱ्याकडे बघत राहिली. तो जागचा हलला नाही.

"काजळ पसरलंय तुझं," उमैमा म्हणाली. "पुसू?"

"राहू दे. आता पुसापुशी पुरे."

"इकडे बघ, उम्मी. हलू नकोस."

"मी कुठं हलतेय? हलत तेच होतं."

शटर सेकंदभर उघडं राहिलं आणि मिटलं. शादलीने बघितलं. चेहरा पूर्ण आला होता. कपाळ, रुमाल, रुमालाच्या वर थोडी मोकळी भिंतसुद्धा. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले, कुणाला तरी झापायच्या बेतात असावेत तसे. त्याला तो फोटो आवडला. त्याने कॅमेरा सोडवून तिच्या हातात दिला आणि पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला.

लल्ला बेयाने चष्मा चढवला आणि बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"म्हातारी झाले की मी," ती म्हणाली.

"छान आलीयस," उमैमा म्हणाली.

"ते नाही ग. पेटीतल्या फोटोत एकोणीस वर्षांची आहे, तिला तोंड नाही. हिला तोंड आहे, तर ही म्हातारी. मधली कुठाय?"

शादली ट्रायपॉडचा एक पाय उगाच आत-बाहेर करत राहिला. मग म्हणाला, "मधली बाबांनी बघितली, उम्मी. रोज बघितली."

"हो," ती म्हणाली. "बघितली आणि एक शब्द बोलला नाही, मेला."

तिने चष्मा काढला, पोशाखाच्या कडेने पुसला, पुन्हा घातला आणि फोटो आणखी एकदा बघितला. मग कॅमेरा त्याच्या हातात परत दिला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली, कारण आता खरंच जळका वास यायला लागला होता. स्वयंपाकघराच्या दारात ती वळली.

"उद्या परत ये," ती म्हणाली. "उद्याची पण काढ."